कोउमावाला इसाकु

मिनोउराच्या चढावर ज्याच्या त्याच्या दारात एक बुटकी पांढरी ट्रक उभी दिसते, ती सगळी करणी ह्योदो इसाकुची. माणसानं जन्मभर एकच काम केलं. कोउमा विकल्या. कोउमा म्हणजे शिंगरू, आणि गाडीही तशीच होती. पुढून गोल नाकाची, मागं इंजिन, आणि आत दोन माणसं बसली की तिसऱ्याला जागा नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा आमच्याकडची संत्री बायकांच्या पाठीवरून खाली उतरायची. समुद्रापासून थेट डोंगराच्या टाळूपर्यंत दगडी बांध, आणि बांधाबांधातून जेमतेम गाढव जाईल एवढी वाट. इसाकु तेव्हा यावाताहामा शहरात हामादा मोटर्समध्ये ग्रीस पुसायला होता. मालकानं पहिली कोउमा आणली तर कुणी ढुंकून बघेना. "हे खेळणं लेकराला द्या," म्हणाले लोक. इसाकुनं मागं पेट्या रचल्या आणि सगळ्या गावादेखत गाडी देवळाच्या चढावर घातली. वजन मागं, इंजिनही मागं, त्यामुळे चाकं जमीन सोडेनात. मोठ्या कंपन्यांच्या गाड्या त्या चढावर नुसती धूळ उडवायच्या, ही मात्र भुणभुणत वर गेली. त्या हंगामात गावातल्या निम्म्या बायकांची पाठ सरळ झाली.

मग काय, इसाकुला मागं वळून बघायला सवड मिळाली नाही. त्याच सांगाड्यावर छप्पर चढवून कंपनीनं व्हॅन काढली, तीही त्यानं गळ्यात मारली. टोफूवाल्याला दिली, सुईणीला दिली, गाद्यांच्या दुकानाला दिली. हात्सुमीला लग्न करून आणली तीही कोउमातूनच, पुढं ती आणि मागं तिचं कपाट. पुढं सरकारनं इंजिन जरा वाढवायला परवानगी दिली तशी कोउमा चार बोटं लांब झाली. आणखी काही वर्षांनी आणखी वाढली, चारही चाकांना जोर आला. नव्या कोउमा आल्या की जुन्या गाड्यांची कोंबड्यांसाठी खुराडी व्हायची. निळी मिळायची, हिरवीही मिळायची, पण जास्त पैशात. "आपल्याला काय मिरवायचंय? पांढरीच द्या," म्हणायचे सगळे. इसाकु पांढरीच द्यायचा.

आणि मग कंपनीतल्या वरच्या लोकांना अक्कल सुचली. कोउमा परवडत नाही म्हणे. कारखाना बंद केला, नाव तेवढं ठेवलं, आणि दुसऱ्याच कुणाची ट्रक घेऊन तिच्या कपाळावर आपला बिल्ला चिकटवला. इंजिन पुढं, सीटखाली. इसाकु गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायला लागला, "ही कोउमा नाही. कोउमाचं सोंग आहे. घेऊ नका." असा विक्रेता कुठला मालक ठेवील? हामादाच्या पोरानं त्याला जेवण घालून, वाकून नमस्कार करून घरी बसवला. जाताना इसाकुनं मागच्या इंजिनाच्या शेवटच्या खेपेतली एक गाडी स्वतः घेतली आणि तिची जोडीदारीण शेजारच्या कानेजोला दिली. दोन्ही पांढऱ्या.

पुढं हात्सुमीचं डोकं फिरलं. फिरलं म्हणजे पुसलं गेलं. आधी भाताचं भांडं कुठं ठेवलं ते गेलं, मग नातवंडांची नावं गेली, मग मुलाची ओळखही गेली. ती घरातून निघून एकदा बंदरावर सापडली, तेव्हा तिला खाली शहरात शिओकाझे नावाच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथं तिनं तोंड मिटून घेतलं. तिथल्या कामाच्या पोरींनी चमचा पुढं केला की दात आवळायची. फक्त इसाकु आला की आ करायची. म्हणून इसाकु रोज दुपारी चढ उतरून तिथं जायचा आणि तिला भरवून यायचा. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण पाऊस नाही, ताप नाही, खाडा म्हणून नाही.

"माझं नाव विसरली," तो संत्र्यांच्या शेडवर सांगायचा, "पण मला नाही विसरली." हे सांगताना त्याची मान ताठ व्हायची. त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं, त्यामुळे लोक ऐकून घ्यायचे.

आता त्या दिवसाचं ऐका. संत्र्यांचा हंगाम होता. सोसायटीच्या शेडवर आमची रीत अशी की गाडी लावायची, किल्ली आतच ठेवायची आणि चहाला जायचं. शेडची माणसं पेट्या उतरवतात आणि गाड्या पुढंमागं सरकवतात. त्यामुळे बाहेर आलं की आपली गाडी आपण लावली तिथं कधीच नसते. पांढरी दिसली, किल्ली दिसली, बस. मिनोउरात एकमेकांची गाडी घेऊन न गेलेला माणूस शोधून सापडायचा नाही. घरी गेल्यावर दुसऱ्याचा टॉवेल, दुसऱ्याचा डबा दिसतो, मग फोन होतो, "अरे, तुझं लोणचं फार खारट आहे बाबा," आणि दोन दिवस त्याच्यावर हसतात.

त्या दिवशी कानेजो आधी बाहेर आला. समोर इसाकुची गाडी होती, बसला आणि गेला. थोड्या वेळानं इसाकु आला. रांगेत एकच कोउमा उरली होती. बारा वाजायला आले होते, हात्सुमी वाट बघत असणार. तो बसला, निघाला आणि पहिल्याच उतारावर त्याच्या पायाला कळलं की ही आपली नव्हे. ब्रेक पार तळाला जात होता. कानेजोचा ब्रेक सहा महिने तसाच होता. इसाकुनं त्याला दोनदा सांगितलंही होतं आणि कानेजो "हंगाम संपू दे" म्हणाला होता. परत फिरावं तर जेवणाची वेळ टळत होती. इसाकुनं पहिल्या गिअरमध्ये सगळा घाट उतरवला. कुणाला ओरखडा नाही. पण शिओकाझेच्या फाटकात धोब्याची व्हॅन एकदम मागं आली, इसाकुनं ब्रेक दाबला, ब्रेक बुडाला, आणि कोउमा फुलांच्या कुंड्या फोडून भिंतीला टेकली.

कुणाला लागलं नाही. चार कुंड्या आणि एक दिवा गेला. पण पोलीस आला, गाडीची कागदं कानेजोच्या नावाची निघाली, आणि म्हातारा भलत्याची गाडी घेऊन भिंतीवर आदळला असं शहरभर झालं.

मुलगा युकिनोरी मात्सुयामाहून त्याच संध्याकाळी आला. पोरगा वाईट नव्हता हो. रोज टीव्हीवर बघत होता, अमुक म्हाताऱ्यानं शाळेच्या पोरांवर गाडी घातली, तमुकानं दुकानात घातली. चौकीतला हिगाकी बसला होता, आणि साक्षीला कानेजो. गुडघे मोडून, हात मांडीवर, देवळात बसल्यासारखा.

"कानेजो-सान," युकिनोरी म्हणाला, "खरं सांगा. गाडी आधी कोणी नेली?"

इसाकुनं त्याच्याकडं बघितलं. त्याला काळजीच नव्हती. कानेजो आत्ता हसेल आणि म्हणेल, "अरे मीच, मीच तो गाढव!" असंच तो समजून चालला होता.

कानेजोनं चटईकडं बघत मान खाली घातली. "मी बाहेर आलो तर माझी गाडी नव्हती. इसाकु-सानची होती. म्हटलं, आता काय करायचं, ती घेऊन घरी आलो."

"आणि ब्रेक?"

"ब्रेकला काय झालंय? माझा ब्रेक चांगला होता."

"कानेजो!" इसाकु ओरडला. "अरे, तळाला जात होता! मी तुला दोनदा—"

"बाबा," युकिनोरी हळू म्हणाला. "पुरे."

"अरे, परवान्यासाठी म्हाताऱ्यांची आठवणीची परीक्षा असते, ती मी पास झालोय! मागच्या वर्षी! चित्रं दाखवून विचारतात, ढोल, सिंह, कान, सगळी सांगितली मी!"

"बाबा, तुम्ही आता ओरडताय बघा. हेसुद्धा डोकं फिरल्याचंच लक्षण असतं."

यावर माणूस काय बोलणार? ओरडलं तर वेडा, गप्प बसलं तर कबूल. हिगाकीनं वही मिटली आणि फार गोड आवाजात सांगितलं की परवाना आपण होऊन परत केला तर एक कार्ड मिळतं आणि त्या कार्डावर गरम पाण्याच्या स्नानगृहात सवलत असते.

दुसऱ्या दिवशी इसाकु पायी कानेजोच्या बागेत गेला. कानेजो शिडीवर होता, कात्री चालवत होता.

"खाली उतर."

"बोला ना, ऐकू येतंय."

"आधी तू नेलीस."

कानेजोनं इकडंतिकडं बघितलं. बांधावर कुणी नव्हतं. "हो, मी नेली," तो म्हणाला. "माझ्याच लक्षात नाही आलं. मग?"

"मग? मग असं सांग सगळ्यांना!"

"सांगू आणि काय करू? माझ्या पोरानं मागच्या खेपेलाच सांगितलंय, आणखी एक भानगड झाली की किल्ली काढून घेईन. इसाकु-सान, मी शहात्तर वर्षांचा आहे. एवढी बाग कुणी काढायची? तुमचं काय, तुमची झाली की सगळी मजा करून."

"हात्सुमी जेवणार नाही रे."

"जेवेल. भूक लागली की कुत्रंसुद्धा जेवतं." कानेजोच्या हातातली कात्री तेवढी थांबली. असं बोलायचं त्याच्या मनात नसावं. पण बोलून गेला, आणि परत घेतलं नाही. कात्री पुन्हा चालू झाली.

परवाना गेला. कार्ड आलं. युकिनोरीनं गाडी दारात नको म्हणून विकायला काढली, कारण किल्ली दिसली तर म्हातारा कधी बसेल नेम नाही. आणि कुणी घेतली असेल? कानेजोची पुढून चेपलेली होती, त्याला तशीच दुसरी हवी होती, आणि तशी आता कारखान्यातून निघत नाही. त्यानं वाकून, पेटीभर संत्री देऊन इसाकुची कोउमा नेली. इसाकु ओट्यावर बसून बघत होता. "क्लच हळू सोड," एवढंच म्हणाला. सवय हो, दुसरं काय. जन्मभर प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगितलं होतं.

आता राहिली बस. ती सकाळी एक, दुपारी एक. सकाळची चुकली तर दुपारची जेवणानंतर पोचते, आणि सकाळची पकडायची तर चढ उतरून थांब्यावर यायला इसाकुचे गुडघे धड हवेत. तरी तो गेला. पहिल्या दिवशी लवकर पोचून हात्सुमीजवळ बसला. जेवण आलं. त्यानं चमचा भरला, फुंकर घातली.

"आ कर."

तिनं दात आवळले.

"अगं, मी आहे. इसाकु."

हात्सुमीनं त्याच्याकडं बघितलं, परक्या माणसाकडं बघावं तसं, जरा वाकून, आदरानं. "माफ करा हं," ती म्हणाली. "माझे येतील आता. आले की जेवीन."

"अगं, मीच तो!"

"तुम्ही बसनं आलात," हात्सुमी म्हणाली. "मी खिडकीतून बघितलं. माझे बसनं नाही येत."

इसाकुनं चमचा वाटीत ठेवला. इतकी वर्षं तो छाती काढून सांगत होता की ती मला ओळखते. ती खिडकीशी बसून पांढऱ्या गाडीची वाट बघायची. उजव्या दारातून जो उतरेल तो तिचा नवरा. तोंडाकडं तिनं कधी बघितलंच नसावं, देव जाणे किती वर्षांत.

दहा-बारा दिवस गेले. हात्सुमी सुकत चालली. मनगटातून बांगडी निघावी तशी तिची हाडं कातडीतून निघायला लागली. तिथल्या बाई, मोरिकावा-सान, इसाकुला बाजूला घेऊन पोटात नळी घालण्याबद्दल बोलल्या. "तुम्ही आणि तुमचे चिरंजीव विचार करा," म्हणाल्या. इसाकुनं विचार केला नाही. तो सरळ कानेजोच्या दारात गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढं वाकला.

"मला उद्या गाडीतून घेऊन चल. माझ्या... तुझ्या गाडीतून."

कानेजो घेऊन गेला, तेवढी माणुसकी होती. गाडी शिओकाझेच्या अंगणात शिरली. मागचं इंजिन भुणभुणलं आणि वरच्या खिडकीत हात्सुमी उठून उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उभी राहिली. डाव्या दारातून इसाकु उतरला, उजव्या दारातून कानेजो. दोघं खोलीत शिरले. हात्सुमी हसली, पदराशी चाळा करावा तसा तिनं एप्रन सारखा केला आणि दोन्ही हात पुढं केले. कानेजोकडं.

"किती उशीर!" ती म्हणाली.

कानेजो दोन पावलं मागं सरला. पण मोरिकावा-सानना वजनाची काळजी होती, त्यांनी वाटी त्याच्याच हातात दिली. कानेजोनं चमचा पुढं केला. हात्सुमीनं एवढा मोठा आ केला. वाटी संपली. भातही संपला. इसाकु दाराशी उभा होता आणि त्याला रडावं की हसावं कळत नव्हतं. पोट भरलं ना तिचं, म्हणत होता, भरलं ना.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "रोज येशील?"

"रोज? हंगाम आहे हो, इसाकु-सान."

"मी तुझी बाग काढून देतो."

"तुम्ही शिडीवर चढणार?" कानेजो हसला. मग चढाच्या आधीच्या वळणावर त्यानं गाडी थांबवली. "एक काम करा. तुम्ही बसमध्ये, दुकानात, जिथं तिथं सांगत फिरता की गाडी कानेजोनं नेली, ब्रेक कानेजोचा खराब. माझ्या पोराच्या कानावर गेलंय. ते बंद व्हायला पाहिजे."

"बंद करतो."

"नुसतं बंद नाही. शेडवर, चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर सांगा. चूक माझी होती म्हणा."

इसाकुनं त्याच्याकडं बघितलं. कानेजो समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होता. त्याचे कान मात्र लाल झाले होते. लाज होती त्याला, नव्हती असं नाही. पण लाजेपेक्षा किल्ली मोठी होती.

इसाकुजवळ आता काय उरलं होतं? परवाना गेला, गाडी गेली, बायकोच्या डोक्यातून त्याचं तोंडही गेलं. एक खरं तेवढं त्याचं होतं, की मी भ्रमिष्ट नाही. त्या एका खऱ्यावर तो सकाळी उठत होता.

शनिवारी शेड भरलेली होती. पेट्यांचा पट्टा थांबवून सगळे चहाला बसले होते. इसाकु उभा राहिला. टोपी काढली. "मला बोलायचंय," म्हणाला. आवाज चांगला खणखणीत होता, गाडी विकणाऱ्याचा. "त्या दिवशी गाडी मीच आधी नेली. आपली कुठली, दुसऱ्याची कुठली, मला कळलं नाही. ब्रेकही चांगला होता. माझा पाय चुकला. मी कानेजोवर नाही नाही ते बोललो. डोकं चालत नाही आता माझं. माफ करा." आणि कंबरेत वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.

लोक बिचारे गहिवरले. "असू द्या, असू द्या, इसाकु-सान!" "वय आहे हो, आमचंही होणार!" कुणीतरी त्याच्या पाठीवर हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवावा तसा. शेडचा तोकुझो मोठ्यानं म्हणाला, "केवढं मन लागतं हे कबूल करायला!" सगळ्यांनी माना हलवल्या. कानेजोनं उठून इसाकुला चहा ओतून दिला. त्या दिवसापासून मिनोउरात इसाकुशी सगळे जरा मोठ्यानं आणि जरा सावकाश बोलायला लागले. कुणी काही विचारायचं असलं तर शेजारच्या माणसाला विचारायचे, "ह्यांना साखर चालते का?"

कानेजोनं मात्र शब्द पाळला, ते सांगायला हवं. रोज बाराला त्याची गाडी शिओकाझेला लागते. इसाकु बसनं जातो, कारण डाव्या सीटवर कानेजोच्या कात्र्या आणि पोती असतात. दाराजवळ एक स्टूल आहे, त्यावर बसतो. हात्सुमीचं वजन वाढलंय. नळीची गोष्ट कुणी काढत नाही.

परवा ती निम्मं जेवली आणि थांबली. दाराकडं बघून कानेजोला म्हणाली, "अहो, ते बसचे आजोबा रोज येऊन बसतात. त्यांचं कुणी नाही वाटतं?"

कानेजो वाटीतला भात चमच्यानं कालवत राहिला.

"नाही," स्टुलावरून इसाकु म्हणाला. "कुणी नाही. तुम्ही जेवा."

"बिचारे," हात्सुमी म्हणाली आणि आ केला. कानेजोनं घड्याळाकडं बघितलं आणि पुढचा चमचा जरा मोठा भरला.